मूत्रपिंडातील लहान गाठ : शस्त्राऐवजी सुईचा मार्ग

हिंजवडी ओलांडून पुढे गेले की मुळशी तालुक्यातील माण हे गाव लागते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे टप्पे वाढत गेले, तसे ते या गावच्या शिवारात शिरले. पुणे मेट्रोच्या शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या मार्गाचा डेपोही येथेच आहे. या परिसरातील संगणक कंपन्यांत, तसेच पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या अनेक कारखान्यांत वार्षिक आरोग्य तपासणी ही आता नित्याची बाब झाली आहे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि अनेक ठिकाणी पोटाची सोनोग्राफी असे तिचे ठरलेले स्वरूप असते. बऱ्याच कंपन्यांच्या गटविम्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचाही समावेश असल्याने गावाकडून मुलाकडे राहायला आलेले सत्तरीचे वडीलही या निमित्ताने तपासले जातात.

अशा तपासणीत अधूनमधून एखाद्या अहवालावर अनपेक्षित ओळ उमटते. ‘उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला २.६ सेंटिमीटरची घन गाठ.’ म्हणजे साधारण सुपारीएवढी. पोटात दुखत नाही, लघवीतून रक्त जात नाही, भूक उत्तम आहे. तरीही त्या ओळीने घरातील झोप उडते, आणि बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : ‘किडनी काढावी लागेल का?’

लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही मूत्रपिंडाच्या कर्करोगाची तीन लक्षणे वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत एकत्र सांगितलेली असत. ही तिन्ही एकाच रुग्णात दिसणे आज दुर्मीळ झाले आहे. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्वत्र पोहोचल्यावर पाश्चात्त्य देशांत अशा गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडू लागल्या. आपल्या शहरी भागातही चित्र त्याच दिशेने बदलत आहे. गाठ लहान असतानाच सापडत असेल, तर उपचारही तिच्या मापाचा असावा, हा विचार यातूनच पुढे आला.

गाठ म्हणजे कर्करोगच असे नव्हे

मूत्रपिंडात सर्वाधिक आढळते ती पाण्याची गाठ, म्हणजे ‘सिस्ट’. साधी सिस्ट निरुपद्रवी असते आणि तिला बहुधा काहीच करावे लागत नाही. काळजी असते ती घन गाठीची. मात्र चार सेंटिमीटरपर्यंतच्या घन गाठींतही साधारण पाचातील एक गाठ कर्करोगाची नसते. चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्यांची मिळून झालेली ‘अँजिओमायोलायपोमा’ ही त्यातील एक. तिच्यातील चरबी सीटी स्कॅनवर बहुधा ओळखू येते. ‘ऑन्कोसायटोमा’ ही दुसरी साधी गाठ मात्र चित्रावर कर्करोगासारखीच दिसते आणि भल्याभल्या तज्ज्ञांना चकवते.

म्हणून सोनोग्राफीच्या एका ओळीवर कोणताही निर्णय होत नाही. पुढची पायरी असते ती शिरेतून औषध देऊन, वेगवेगळ्या वेळी छायाचित्रे घेऊन केलेल्या सीटी स्कॅनची किंवा एमआरआयची. त्यानंतरही शंका उरली, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने पाठीतून सुई घालून गाठीचा बारीक तुकडा काढता येतो. मूत्रपिंडाच्या गाठीची अशी बायोप्सी करणे पूर्वी टाळले जाई. सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी पसरतील, ही भीती त्यामागे होती. बाहेरील नळीसारख्या सुईतून आतली सुई नेण्याची पद्धत रूढ झाल्यावर असा प्रसार अत्यंत विरळ असल्याचे दिसून आले. काही बायोप्सींतून निश्चित उत्तर मिळत नाही, ही मर्यादा मात्र कायम आहे. गाठ सुईने नष्ट करायची असेल, तर बायोप्सी आधी किंवा त्याच वेळी करणे आवश्यक ठरते; कारण गाठ जळाल्यावर किंवा गोठल्यावर ती कशाची होती, हे कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

मूत्रपिंड वाचवायचे कशासाठी?

एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे १८६९ मध्ये हायडेलबर्गचे शल्यविशारद गुस्ताव सिमॉन यांनी एका स्त्रीचे मूत्रपिंड काढून दाखवून दिले. पुढे १९६० च्या दशकात टोरांटोचे चार्ल्स रॉबसन यांनी गाठीसह संपूर्ण मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी आणि आवरण काढण्याची पद्धत रुजवली. त्या काळी गाठी मोठ्या होऊनच लक्षात येत, त्यामुळे ते योग्यही होते. अडचण झाली ती सुपारीएवढ्या गाठीसाठीही तीच शस्त्रक्रिया चालू राहिल्याने.

‘मूत्रपिंड दान करणारे एकावरच जगतात ना?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अपुरा आहे. दाता निरोगी असतो, काटेकोर तपासणीनंतरच त्याची निवड होते. गाठ झालेला रुग्ण मात्र बहुधा पन्नाशी-साठीचा असतो आणि रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा किंवा धूम्रपान यांपैकी काही ना काही त्याच्या सोबतीला असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला ६६२ रुग्णांचा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा ठरला. सर्वांच्या गाठी चार सेंटिमीटरपर्यंतच्या, दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आणि रक्तातील क्रिएटिनिन सामान्य. तरीही सुमारे २६ टक्के जणांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता शस्त्रक्रियेपूर्वीच घटलेली होती. गाठीपुरताच भाग काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ही क्षमता ठरावीक पातळीच्या वर टिकून राहण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांत ते अवघे ३५ टक्के होते.

अर्थात क्षमता घटली म्हणजे आयुष्य घटलेच, असे समीकरण मांडता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, भाग काढलेल्या रुग्णांना आयुर्मानाचा वेगळा लाभ झाल्याचे दिसले नाही. पण आपल्याकडचा संदर्भ निराळा आहे. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ज्याच्या मूत्रपिंडांवर पुढील वीस-पंचवीस वर्षे साखरेचा मारा होणार आहे, त्याच्या बाबतीत निरोगी भाग गाठीबरोबर फेकून देणे परवडणारे नाही. आज ना उद्या डायलिसिसची वेळ येऊ नये, हा येथील खरा प्रश्न आहे.

म्हणूनच लहान गाठीसाठी आज पहिली पसंती असते ती ‘पार्शियल नेफ्रेक्टॉमी’ला, म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून उरलेले मूत्रपिंड शिवून टाकण्याला. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून किंवा यंत्रमानवाच्या साहाय्यानेही होते. तिचा अनुभव मोठा आहे आणि निकाल उत्तम आहेत. मग सुईची गरज कोणाला? ज्यांना हृदयविकार किंवा फुप्फुसांचा विकार असल्याने मोठी भूल झेपणार नाही, ज्यांचे एकच मूत्रपिंड उरले आहे, ज्यांची दोन्ही मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत, किंवा ज्यांना आनुवंशिक दोषामुळे पुनःपुन्हा गाठी होतात, त्यांना. माणच्या कार्यालयातील चाळीस वर्षांच्या धडधाकट अभियंत्यापेक्षा त्याच्याच विम्यावर तपासलेल्या, बायपास झालेल्या वडिलांना या उपचाराचा उपयोग अधिक आहे.

जाळणे आणि गोठवणे

शरीराच्या आतील भाग सोनोग्राफी, सीटी किंवा एक्स-रेच्या चित्रावर पाहत, सुई किंवा बारीक नळी नेमक्या जागी नेऊन उपचार करण्याच्या शाखेला ‘इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी’ म्हणतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीमुळे तिचे एक रूप घरोघरी माहीत झाले आहे. मूत्रपिंडाच्या गाठीसाठी तिचा वापर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. गाठ जागेवरच नष्ट करायची आणि मृत पेशींची विल्हेवाट लावण्याचे काम शरीरावर सोपवायचे, हे या उपचाराचे तत्त्व. त्याला ‘अ‍ॅब्लेशन’ म्हणतात.

रुग्णाला बहुधा पालथे किंवा कुशीवर सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवले जाते. गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल दिली जाते. प्रथम स्कॅन करून त्वचेवरील जागा आणि सुईचा कोन ठरतो. सुई थोडी पुढे सरकवायची, पुन्हा स्कॅन करायचा, दिशा पाहायची, पुन्हा पुढे जायचे, अशा धिम्या गतीने गाठीचा मध्य गाठला जातो. श्वासाबरोबर मूत्रपिंड खाली-वर होत असल्याने भूलतज्ज्ञाला मधूनमधून श्वास रोखून धरावा लागतो. सुई साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. टाके पडत नाहीत. छोटी पट्टी पुरते.

‘रेडिओफ्रीक्वेन्सी’ पद्धतीत सुईच्या टोकातून सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे भोवतीच्या पेशींतील आयन वेगाने हेलकावू लागतात आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. साठ अंश सेल्सिअसच्या पुढे पेशींतील प्रथिने जवळजवळ तत्काळ गोठतात, अंडे उकडल्यावर त्यातील बलक घट्ट होतो तशी. तापमान शंभराच्या बरेच वर गेले, तर मात्र ऊती करपतात, त्यांचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज पुढे जात नाही. त्यामुळे आच माफक ठेवण्यातच कौशल्य आहे. ‘मायक्रोवेव्ह’ पद्धतीत घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्याच जातीच्या लहरी सुईतून सोडल्या जातात. त्या अधिक वेगाने आणि अधिक उष्णता देतात.

तिसरी पद्धत याच्या नेमकी उलट, गोठवण्याची. तिला ‘क्रायोअ‍ॅब्लेशन’ म्हणतात. चाकणच्या कारखान्यांतील कामगारांना ‘आर्गन वेल्डिंग’ परिचयाचे असते. त्यात वितळलेल्या धातूवर पांघरूण घालणारा तोच आर्गन वायू येथे प्रचंड दाबाखाली सुईत आणला जातो. टोकाजवळच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडून तो पसरतो, तेव्हा कमालीचा थंड होतो. सुईच्या टोकाचे तापमान उणे शंभर अंशांच्याही खाली जाते आणि भोवती बर्फाचा गोळा तयार होतो. गाठ मोठी असेल, तर दोन-तीन सुया एकाच वेळी वापरतात. साधारण दहा मिनिटे गोठवणे, मग वितळू देणे आणि पुन्हा गोठवणे असा क्रम असतो. पेशींच्या आत-बाहेर झालेले बर्फाचे स्फटिक आणि बंद पडलेला रक्तपुरवठा या दोहोंमुळे पेशी मरतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की बर्फाचा गोळा सीटी स्कॅनवर काळसर आणि रेखीव दिसतो; उपचार कोठवर पोहोचला, हे डॉक्टरांना डोळ्यांनी पाहता येते. त्यातही एक मेख आहे. गोळ्याच्या कडेचे तापमान शून्य अंश असते आणि शून्य अंशाला कर्करोगाची पेशी हमखास मरत नाही. त्यासाठी किमान उणे वीस ते उणे चाळीस अंश लागतात, आणि ते तापमान कडेपासून काही मिलिमीटर आत मिळते. म्हणून बर्फाचा गोळा गाठीच्या सर्व बाजूंनी किमान पाच मिलिमीटर बाहेर पसरल्याशिवाय काम झाले असे मानत नाहीत.

शेजाऱ्यांची काळजी

मूत्रपिंडाच्या पुढे मोठे आतडे, उजवीकडे त्याशिवाय लहान आतड्याचा आरंभीचा भाग, मागे पाठीचे स्नायू आणि त्यांवरून जाणाऱ्या नसा, आतल्या बाजूला मूत्रवाहिनी. गाठीला दिलेली आच यांतील कोणालाही लागू शकते. आतडे गाठीला चिकटून असेल, तर दोहोंच्या मध्ये दुसऱ्या बारीक सुईने द्रव सोडून आतडे बाजूला सारले जाते. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या वेळी यासाठी सलाइन वापरत नाहीत. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. त्याऐवजी डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेचे पाणी वापरतात. मूत्रवाहिनी जवळ असेल, तर तिच्यात नळी घालून थंड द्रव खेळता ठेवण्याचीही सोय आहे.

गाठ मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर, बाहेर डोकावणारी असेल तर हा उपचार सोपा जातो. ती मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्यांलगत असेल तर दुहेरी अडचण येते. वाहते रक्त गाठीची उष्णता आपल्याबरोबर वाहून नेते, त्यामुळे त्या बाजूच्या पेशी वाचण्याची शक्यता राहते. शिवाय मूत्र गोळा होणाऱ्या पोकळीला इजा होण्याचा धोका असतो. आकाराचेही तसेच. तीन सेंटिमीटरपर्यंत निकाल चांगले, त्यापुढे ते उतरत जातात.

धोके शस्त्रक्रियेपेक्षा कमी असले, तरी शून्य नाहीत. मूत्रपिंडाभोवती रक्तस्राव होऊ शकतो. तो बहुधा आपोआप थांबतो, क्वचित रक्त द्यावे लागते. कुशीत दुखणे किंवा काही काळ बधिरपणा येणे शक्य असते. वरच्या टोकाच्या गाठीत सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागू शकते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. ती परस्पर बंद करणेही तितकेच घातक. हृदयात स्टेंट असेल तर विशेषच. निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच व्हायला हवा.

चित्राच्या मार्गदर्शनाखालील आणखी एक उपचार रक्तवाहिनीतून होतो. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि नळी या क्रमाने धमनीत शिरण्याची युक्ती शोधली, त्यावर तो उभा आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी मूत्रपिंडापर्यंत नेऊन गाठीला रक्त पुरवणारी शाखा बंद करायची, याला ‘एम्बोलायझेशन’ म्हणतात. अँजिओमायोलायपोमा मोठी झाली की तिच्यातील कमकुवत रक्तवाहिनी फुटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. तेथे हा उपचार मूत्रपिंड आणि प्राण दोन्ही वाचवतो. कर्करोगाच्या गाठीत मात्र तो सहसा शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी म्हणून किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी केला जातो. तेवढ्याने कर्करोग बरा होत नाही.

सुई की शस्त्र?

या प्रश्नावर मूत्रविकार शल्यतज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट यांचे मत नेहमी एक असते असे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१५ मध्ये आपल्या सुमारे अठराशे रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात लहान गाठींच्या बाबतीत, गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया आणि अ‍ॅब्लेशन या दोहोंत सारखेच आढळले. तथापि चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी केलेली ही चाचणी नव्हती आणि तशी मोठी चाचणी अद्याप झालेली नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींसाठी अ‍ॅब्लेशन हा विचारात घेण्याजोगा पर्याय मानला आहे. त्याच वेळी, पहिल्या प्रयत्नात गाठीचा काही भाग शिल्लक राहण्याची किंवा ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असते आणि तसे झाल्यास उपचार पुन्हा करता येतो, हे रुग्णाला सांगावे असेही त्यांत म्हटले आहे. जे डॉक्टर यातील एकच अर्धे सांगतात, त्यांच्याकडून दुसरे अर्धे विचारून घ्यावे.

वयस्कर रुग्णासाठी आणखी एक पर्याय असतो, काही न करण्याचा. लहान गाठी वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपासच वाढतात आणि आरंभीच्या काही वर्षांत त्या अन्यत्र पसरण्याचे प्रमाण अगदी कमी असते. पंचाहत्तरीच्या, अनेक व्याधी असलेल्या माणसाच्या दोन सेंटिमीटरच्या गाठीवर ठरावीक काळाने स्कॅन करून नजर ठेवणे हा दुर्लक्षाचा प्रकार नव्हे, तो मान्यताप्राप्त उपचार आहे. त्यामुळे अहवाल हाती आल्यावर आठवड्याच्या आत शस्त्रक्रियागृह गाठण्याची घाई बहुधा अनावश्यक असते. लहान गाठ दुसरे मत घेण्याइतका अवधी निश्चित देते.

हे दुसरे मत घेण्याच्या जागा महाराष्ट्रात आहेत. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि केईएम ही दोन रुग्णालये जवळजवळ शेजारी आहेत आणि दोन्हीकडे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीचे काम चालते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या रुग्णालयांतही या शाखेचे तज्ज्ञ मिळतात. मात्र यंत्र असणे आणि मूत्रपिंडाच्या गाठींचा अनुभव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजवर अशा किती गाठींवर उपचार केले, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा.

पैशाची बाजूही आधीच पाहून ठेवावी लागते. अ‍ॅब्लेशननंतर रुग्ण अनेकदा दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी घरी जातो. विम्याचा दावा करताना हीच सोय अडचणीची होऊ शकते, कारण अनेक पॉलिसींत चोवीस तासांच्या दाखल्याची अट असते आणि ‘डे-केअर’ उपचारांना तिच्यातून वगळलेले असते. आपला उपचार त्यात बसतो का, याची लेखी पूर्वमंजुरी घेणे शहाणपणाचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचा असल्यास, तो तेथील मंजूर उपचारांच्या यादीत आहे का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. राज्य कामगार विम्याच्या लाभधारकांना मोठ्या रुग्णालयात जाण्यासाठी रीतसर शिफारसपत्र लागते.

उपचार संपला तरी तपासण्या संपत नाहीत. पहिले औषधयुक्त सीटी किंवा एमआरआय तीन ते सहा महिन्यांत आणि त्यानंतर किमान पाच वर्षे ठरावीक अंतराने करावे लागते. शिरेतून दिलेले औषध गाठीच्या जागी कोठेही चमकले नाही, तर ती मृत आहे असे समजतात. एखादा कोपरा चमकला, तर तेथे जिवंत पेशी उरल्याची शंका घेतली जाते. हिंजवडी-माण पट्ट्यात या वेळापत्रकाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो नोकरी बदलण्याने. कंपनी बदलली की विमा बदलतो, कधी शहर बदलते आणि दुसऱ्या वर्षाचे स्कॅन राहून जाते.

शिवाय नष्ट झालेली गाठ चित्रावरून नाहीशी होत नाही. ती व्रणासारखी तेथेच राहते आणि वर्षानुवर्षे हळूहळू आक्रसते. हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात सोनोग्राफी केली, तर ‘मूत्रपिंडात गाठ’ ही ओळ अहवालावर पुन्हा उमटू शकते. म्हणून मूळ स्कॅन, बायोप्सीचा अहवाल, उपचाराच्या दिवशीची चित्रे आणि त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीची सीडी एकाच फायलीत ठेवून ती फाइल शिबिराच्या टेबलापर्यंत नेणे आवश्यक असते.